पाहुण्यांचं पाणी

अकोल्याहून बाळापूरकडे निघालं की उजव्या हाताला हिंगणखेडचा फाटा लागतो. फाट्यावर मोठी कमान आहे. कमानीवर ‘औद्योगिक क्षेत्र’ असं लिहिलंय. आत रस्ते आहेत, गटारं आहेत, दिव्यांचे खांब आहेत, प्लॉटचे आकडे रंगवलेले दगड आहेत. कारखाने मात्र नाहीत. एक पत्र्याचं शेड आहे, त्यात पशुखाद्याची पोती रचलेली असतात. बाकी नुसती काळी माती, आणि तिच्यात कधीच्या तरी तुरीची खुंटं. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागतात. त्या लख्ख उजेडात कुत्री सावकाश रस्ता ओलांडतात, कारण घाई करावी असं तिथून काही जात नाही.

एवढ्या सगळ्या पसाऱ्यात धड सावली एकाच ठिकाणी आहे. तानुबाईच्या अंगणात.

तिचं घर गावाचं शेवटचं घर होतं. कमान झाल्यावर ते औद्योगिक क्षेत्राचं पहिलं घर झालं. घर जागचं हललं नाही, त्याच्याभोवतीचं जग तेवढं फिरलं. अंगणात कडुलिंब, लिंबाखाली बाज, बाजेवर गोधडी. पुण्या-मुंबईहून, इंदूरहून जागा बघायला कोणी आलं की योगेश त्यांना उन्हातून फिरवून शेवटी इथेच आणायचा. योगेश हा औद्योगिक महामंडळाच्या अकोल्याच्या ऑफिसातला पोरगा. आलेल्या माणसाला नकाशा दाखवायचा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा, हे त्याचं काम. बाजेवर टेकलेला माणूस घाम पुसायचा आणि मग तानुबाई तांब्या घेऊन बाहेर यायची.

“घ्या. पानी घ्या पयले. बोलनं मंग.”

ते पाणी पिऊन आजवर कोणी नाक मुरडलं नव्हतं. कारण ते हिंगणखेडचं नव्हतंच.

हे जरा मागे जाऊन सांगावं लागेल. तानुबाईचं माहेर पातूरचं. डोंगराच्या पायथ्याशी बापाचा मळा, मळ्यात विहीर, विहिरीचं पाणी असं की त्यात शिजलेली डाळ पळीनं घोटावी लागत नसे. अशा घरची पोर लग्न होऊन खारपाणपट्ट्यात आली. सासरी उंबरा ओलांडल्यावर नणंदेनं हातात पेला दिला. तिनं एक घोट घेतला आणि तिला वाटलं, नव्या नवरीची थट्टा करायला कोणी मीठ घातलंय. ती हसली आणि सगळ्यांकडे बघू लागली. कोणीच हसत नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे असंच आहे, आणि आता असंच राहणार आहे.

ती रडली नाही, असं ती सांगते. तिचा नवरा सूर्यभान मात्र सांगायचा की रडली. दोघांचं ह्यावर शेवटपर्यंत जमलं नाही, आणि आता सूर्यभान नाही, म्हणून तिचंच खरं.

पुढे बाप भेटायला आला तो गाडीत पाण्याची घागर घेऊन आला. लेकीला साडी आणली नाही, पाणी आणलं. बाप गेल्यावर तिचा भाऊ पुंजारामानं ती रीत चालू ठेवली. अजूनही पातूरहून सुटणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या सीटमागे एक पांढरी कॅन ठेवलेली असते. फाट्यावर गाडी थांबली की कंडक्टर ओरडतो, “तानुबाई, माहेर आलं!” आणि ती पदर खोचून धावते.

ह्या पाण्यातला थेंबही घरातलं कोणी पीत नाही. ते तांब्याच्या घागरीत ओततात, घागरीला ओलं फडकं गुंडाळतात, आणि ती घागर पाहुण्यांची. घरच्यांसाठी माठ. माठात नळाचं पाणी, नळाला आलं नाही तर बोअरचं, बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं. तिचा मुलगा नितेश चाकणला एका कंपनीत बॉयलरवर आहे. सुट्टीला आला की तो मुद्दाम घागरीला हात लावायचा आणि ती मुद्दाम त्याच्या हातावर चापट मारायची.

“ठेव ते! तू काय पावना आहे का?”

“चाकनहून आलो मी. एवढ्या लांबून पावनेच येतेत.”

“माठात हाये तुह्यं पानी. पे मुकाट.”

ह्या चापटीत तिचा सगळा विश्वास होता. मुलगा लांब राहतो, बायको-लेकरासह भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, दिवाळीला चार दिवस येतो. तरी तो ह्या घरचा आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्यानं खारं पाणी प्यायचं.

आता रागिणी मॅडमची गोष्ट.

त्या सांगलीकडच्या. दवाखान्यात लागतो तो पांढरा, औषधी कापूस तयार करण्याचा त्यांचा कारखाना. कापूस इथून जायचा, तिकडे उकळून, धुऊन, वाळवून त्याच्या गुंडाळ्या व्हायच्या. कापूस जिथे पिकतो तिथेच कारखाना का नको, असं त्यांच्या मनात आलं आणि उन्हाळा तापायला लागलेला असताना त्या हिंगणखेडला आल्या. योगेशनं त्यांना काही लपवलं नाही. हा खारपाणपट्टा आहे, धरणाची पाइपलाइन मंजूर आहे, पण यायला वेळ लागेल, तोवर बोअरवर भागवावं लागेल, पाणी तपासून घ्या, असं त्यानं गाडीतच सांगितलं होतं. सांगून झाल्यावर नेहमीसारखा तो चेहऱ्याकडे बघू लागला.

मॅडम लिंबाखाली बसल्या. तांब्याभर पाणी प्यायल्या. तानुबाई समोर पायरीवर बसली आणि तिनं आपली चौकशी सुरू केली.

“नवरा काय करते?”

योगेशनं नकाशात डोकं घातलं.

“कॉलेजात शिकवतो,” मॅडम म्हणाल्या. “आणि घरी स्वयंपाक करतो. मला वेळ नसतो ना.”

“बाप्पा! चांगला करते का?”

“आमटी चांगली करतो.”

“मंग इतल्या बारीक कावून तुमी?”

मॅडमना ठसका लागला. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, इथे कारखाना आला तर कामाला माणसं मिळतील का. तानुबाई म्हणाली, मानसं तं लय हायेत, पन समदे चाकनला हायेत. मग तिनं नितेशचं सांगितलं. तो बॉयलरवर असतो हे ऐकून मॅडम एकदम सरसावून बसल्या. त्यांना बॉयलर चालवणाराच माणूस हवा होता, परीक्षा पास झालेला. त्यांनी नितेशचा नंबर घेतला. तानुबाईनं तो नंबर पाठ म्हणून दाखवला. तेवढा एकच नंबर तिला पाठ आहे.

निघताना बोअरच्या पाण्याचा नमुना घ्यायचा होता. महामंडळाची बोअर तानुबाईच्या घरामागेच आहे. पण लाइट गेलेली होती. वाट बघून मॅडम कंटाळल्या, पुढे त्यांना अमरावती गाठायची होती. शेवटी योगेशनं झाकणं बंद केलेल्या दोन बाटल्या तानुबाईकडे दिल्या.

“काकू, लाइट आली की मोटर चालू करा. पाणी थोडं वाहू द्या, मग ह्या भरून ठेवा. मी उद्या घेऊन जातो. मॅडमकडे पाठवायच्या आहेत.”

“मॅडमकडे?”

“हो. सांगलीला.”

लाइट संध्याकाळी आली. तानुबाई बाटल्या घेऊन बोअरपाशी गेली, मोटर चालू केली, पाणी वाहू दिलं. मग ती तिथे उभी राहिली. काय विचार केला, ते तिनं नंतर सांगितलं. पाहुणी सांगलीची. पाहुणीची बाटली. पाहुणी म्हणते, बोअरचं भरा. पाहुणे असं म्हणतातच. वाढायला गेलं की नको म्हणतात, अर्धीच भाकर म्हणतात, आम्हाला खाली चटईवर चालतं म्हणतात. म्हणून कोणी त्यांना अर्ध्या भाकरीवर उठवतं का? माझ्या दारातून पाहुणीच्या बाटलीत खारं पाणी सांगलीला जाणार, तिथे तिचा नवरा ते पिणार आणि म्हणणार, हिंगणखेडची माणसं अशी.

तिनं मोटर बंद केली. घरात आली. फडकं बाजूला केलं आणि घागरीतलं पाणी दोन्ही बाटल्यांत काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी योगेश बाटल्या घेऊन गेला. तिनं त्याच्याजवळ लिंबाचं लोणचंही दिलं.

काही दिवसांनी योगेशचा फोन आला. तो बोलत नव्हता, ओरडत होता.

“काकू! पाणी पास झालं! असं पाणी सांगलीलाही नाही म्हणाल्या मॅडम. मला तर वाटलं होतं खारं निघणार. पण असतो एखादा गोड झरा कुठेतरी. नशीब आहे आपलं, काकू!”

“कोनतं पानी?”

“आपल्या बोअरचं! बाटल्या नाही का भरून दिल्या तुम्ही? तपासायला नेल्या होत्या त्या.”

तानुबाईनं फोन ठेवला. ती घागरीपुढे जाऊन बसली. घागर तिथेच होती, तिच्या फडक्यातून पाणी झिरपत होतं.

तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, मला काय माहीत, मला नीट सांगायला हवं होतं. तिला ते सुचलं नाही. ती उठून खुशालरावांकडे गेली. खुशालराव म्हणजे तिचा चुलत दीर. गावातला वजनदार माणूस. कमान आली तेव्हा नारळ त्यांनीच फोडला होता, आणि तेव्हापासून एकही कारखाना न आल्यामुळे त्या नारळावरून पारावर त्यांची थट्टा व्हायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आधी हसले, मग गंभीर झाले.

“वयनी, आता तोंड उघडू नोका. कोनाले काई सांगू नोका.”

“पन त्यायची बोअर खंदल्यावर कळनच ना बाप्पा.”

“खंदल्यावर कळू द्या. तोवर शेड उभं राह्यते. शेड उभं राह्यलं की मानूस जात नाई. पाइपलाइन येऊनच राह्यली. तोवर दोन टँकर आनतीन.”

“अन् मॅडमचं नुसकान?”

“तुमाले नितेश घरी पायजे का नाई, ते सांगा.”

तानुबाई उठली. ती घरी आली तर फोन वाजत होता. नितेशच होता.

मॅडमनी त्याच्याशी बोलणं केलं होतं. काम पक्कं. पगार चाकणपेक्षा थोडा कमी, पण भाडं वाचेल, पोरगी आजीजवळ वाढेल, आणि तो रोज संध्याकाळी सायकलवर घरी जेवायला येईल. हे सायकलचं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. घरमालकाला त्यानं सांगूनही टाकलं होतं.

“पानी चांगलं हाये म्हनून जमलं, आई. मॅडम त्याच गोष्टीले भेत होत्या.”

“खारं असतं तं?”

“तं बॉयलरचं मढं होते. नळ्या बुजतेत, कापूस पिवळा पडते. सहा महिन्यात कंपनी बंद. पन आता काय त्याचं?”

“काई नाई,” तानुबाई म्हणाली. “जेवला का?”

त्यानंतर एसटीतून कॅन आली. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला. तिनं ती उचलून आणली आणि घागरीत ओतली, पण गावातल्या बायकांशी ती बोलेनाशी झाली. सून चाकणहून फोन करून विचारायची, कोणती खोली आम्हाला देणार, भिंतीला रंग लावायचा का. ती म्हणायची, लावू. कधी कधी ती मोटर चालू करून बोअरचं पाणी ओंजळीत घ्यायची आणि चाखून बघायची. एवढ्या वर्षांत एकदा तरी ते गोड लागेल, असं तिला वाटत होतं की काय, कोणास ठाऊक. पाणी जसं होतं तसंच होतं.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा उन्हानं कहर केला होता. ह्या वेळी त्या पेढे घेऊन आल्या. प्लॉटच्या कागदांवर सही करायला दुपारी अकोल्याला जायचं होतं, पण त्याआधी त्यांना काकूंना भेटायचं होतं. खुशालराव धोतराची घडी मोडून आले होते. योगेशनं नवा शर्ट घातला होता. सगळे लिंबाखाली बसले. मॅडम म्हणाल्या, “काकू, आधी पाणी द्या तुमचं. सांगलीत सगळ्यांना सांगितलंय मी ह्या पाण्याचं.”

तानुबाई आत गेली. तिला जरा वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या नव्हता. स्टीलचा पेला होता.

मॅडमनी तो घेतला आणि तहानेच्या भरात मोठा घोट घेतला. मग त्यांचा चेहरा असा झाला की योगेश उठून उभा राहिला.

“वयनी, हे काय देल्लं?” खुशालराव म्हणाले.

“हिंगनखेडचं पानी देल्लं. ह्याच बोअरचं.” ती मॅडमकडे वळली. “त्या दिवशी पेल्या ते पातूरचं होतं. माह्या माहेरचं. बाटलीत भरलं तेबी पातूरचंच.”

 खुशालरावांनी गळा साफ केला.

“मॅडम, म्हातारं मानूस हाये. ऊन लागलं असन. डोकं चालत नाई कधी कधी…”

“माह्यं डोकं ठिकानावर हाये, भाऊजी. तुमचं पाहा.”

मॅडम पेल्याकडे बघत होत्या. “पण का, काकू? तुम्हाला बोअरचं भरा म्हणून सांगितलं होतं ना?”

“सांगतलं होतं. पावन्याच्या बाटलीत कोनी खारं पानी भरते का, माय?”

“आणि आज?”

“आज तुमी सही कराले निंगाल्या. इथं बोअर खंदान, शेड बांधान, पोट्ट्यायले कामाले लावान. मंग तुमी पावन्या कायच्या? घरच्या मानसाले घरचंच पानी द्या लागते.”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पेला त्यांनी बाजेवर ठेवला. मग उठल्या, स्वतः घरामागे गेल्या, योगेशला मोटर चालू करायला लावली आणि ओंजळीत पाणी घेऊन पुन्हा एकदा चाखलं. अकोल्याला सही झाली नाही. गाडी निघाली तेव्हा पेढ्यांचा डबा बाजेवरच राहिला होता. तानुबाईनं तो उघडला नाही. खुशालराव घरी गेले ते तिच्याकडे न बघता.

नितेशला तिनंच फोन केला. सगळं सांगितलं, काही न वगळता. पलीकडे कंपनीचा आवाज येत होता, घरघर, कुठे तरी वाफ सुटल्यासारखी.

“मी खोली सोडतो म्हनून सांगून ठेवलं होतं, आई.”

“मंग आता नाई सोडत म्हनून सांग.”

“तू कावून बोलली वं पन? तेवढं राहू देलं असतं…”

त्यानं वाक्य पुरं केलं नाही, आणि तिनंही त्याला पुरं करायला लावलं नाही. पुढचे बरेच दिवस त्याचा फोन येईना. आला तरी सूनच बोलायची.

पावसाळा सरता सरता योगेश आला. बाजेवर बसला. ह्या वेळी नकाशा नव्हता. मॅडमनी प्लॉट घेतला, म्हणाला. मोठा नाही, लहान. उकळणं, धुणं सांगलीलाच राहील. इथे फक्त कापूस साफ करायचा, कचरा काढून गाठी बांधून तिकडे पाठवायचा. त्याला पाणी लागत नाही. गावातल्या बायकांना काम मिळेल.

“बॉयलर?” तानुबाईनं विचारलं.

“नाही, काकू. बॉयलर नाही.”

तिनं मान हलवली. मग उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. योगेशनं तो दोन्ही हातांनी घेतला.

“मी विचारलं मॅडमना,” तो म्हणाला, “एवढं झाल्यावर इथेच का. तर म्हणाल्या, तिथलं वाईट काय ते मला कळलंय. बाकीच्या ठिकाणचं अजून कळायचंय.”

दिवाळीला शेड उभं राहिलं होतं. खुशालरावांनी त्याचा नारळ फोडला आणि त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा वहिनीच्या हातचा चहा घेतला. नितेश आला तो त्याच दिवशी, बायको-लेकीसह, दुपारच्या गाडीनं. फाट्यावर उतरून चालत आला. शेडपुढे थांबला, पत्र्याकडे वर बघितलं, मग अंगणात आला. बोलणं थोडंच झालं. लेक आजीच्या मागे लागून घरभर फिरत होती.

तानुबाई पाणी आणायला आत गेली. दोन्ही एकमेकांशेजारीच होते, माठ आणि घागर. तिचा हात घागरीकडे गेला. फडकं बाजूला सारून तिनं तांब्या बुडवला. आता तो इथे राहणार नव्हता, हे तिनंच तर ठरवलं होतं. चार दिवस येणार आणि जाणार.

नितेश दारात उभा होता. त्यानं ते पाहिलं. आत आला, तिच्या हातातला तांब्या घेऊन घागरीत परत ओतला, आणि माठाजवळचा पेला उचलला.

“मी पावना आहो का?”

त्यानं पेला बुडवला, एका दमात निम्मा प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

“लय खारं झालं वं माय हे.”

“पानी तेच हाये. चाकनले राहून जीभ बिघडली तुही.”

त्यानं उरलेलं पाणी संपवलं. पेला पुन्हा माठात बुडवला. तानुबाईनं घागरीवरचं फडकं नीट बसवलं, त्याच्या कडा ओढून घट्ट केल्या, आणि पेढे कोणी आणले नाहीत म्हणून सुनेवर उगीच ओरडत बाहेर गेली.